शिकार भाडेपट्टा (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

खासगी जमिनीवर हंगामापुरती किंवा वर्षभर शिकार करू देण्याबद्दल जमीनमालक शिकाऱ्याकडून वा शिकारी क्लबकडून पैसे घेतो, त्या कराराला अमेरिकेत ‘हंटिंग लीज’ म्हणतात. भाडे बहुधा एकरी वार्षिक दराने ठरते. तेथील वन्य प्राणी जमीनमालकाच्या मालकीचे नसतात. राज्य जनतेच्या वतीने त्यांचे विश्वस्त असते आणि परवाना, हंगाम व शिकारीची मर्यादा राज्यच ठरविते. म्हणजेच पट्ट्याने हरीण विकले जात नाही, हरणापर्यंत जाण्याची वाट विकली जाते. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे अशा करारांना वाव नाही.)

पट्टे रूढ होण्यापूर्वी परक्याच्या जमिनीवर शिकार कोणत्या आधारावर होत असे, याविषयी मतभेद आहेत. इंग्लंडमध्ये १६७१ च्या कायद्याने शिकार मुख्यतः जमीनदारवर्गापुरती राखली होती आणि त्याच्या प्रतिक्रियेतून वसाहतींत मुक्त शिकारीचा हक्क रुजला, असे एक मत आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ पेन्सिल्व्हेनियाच्या १७७६ च्या राज्यघटनेतील ४३ वे कलम आणि व्हरमाँटची १७७७ ची राज्यघटना दाखविली जाते. दोहोंत कुंपण नसलेल्या परक्या जमिनींवरही शिकारीची मुभा होती. मात्र पेन्सिल्व्हेनियाच्या १७९० च्या घटनेत हे कलम आढळत नाही. दुसऱ्या मतानुसार हा हक्क नव्हताच, ती मालकाची गृहीत धरलेली संमती होती. मिझुरीतील एका खासगी जमिनीवरून शिंपले काढून नेल्याच्या ‘मकी विरुद्ध ग्राट्झ’ या खटल्यात (१९२२) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी, मालक मनाई करीपर्यंत अशा विस्तीर्ण, बिनकुंपणाच्या जमिनींवर फिरण्याची व शिकारीची वहिवाट असते, असे नमूद केले. हे मत अधिक ग्राह्य वाटते. मालकाने मनाईची पाटी लावताच पिढ्यान्‌पिढ्यांची मुभा का संपली आणि दाद मागायला जागा का उरली नाही, हे त्यातूनच उलगडते. यादवी युद्धानंतर दक्षिणेत झालेल्या अतिक्रमणविरोधी कायद्यांमागे, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांची शिकारीवरील गुजराण रोखण्याचाही हेतू होता, असे काही इतिहासकार मानतात.

पट्ट्याची प्रथा टेक्ससमध्ये साधारणपणे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दृढ झाली असावी. तेथील सुमारे ९५ टक्के जमीन खासगी आहे. पुढे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या सावरली, तशी ही प्रथा आग्नेयेकडील लाकूड कंपन्यांच्या वनांत व मध्यपश्चिमेतील शेतांत पसरली. शेतकऱ्याला पडत्या भावाच्या वर्षीही त्यातून हमखास रोकड मिळते, हे विसरून चालणार नाही. पूर्वी मात्र दाराशी जाऊन विचारावे, कुंपणाच्या दुरुस्तीला हात लावावा, मांसाचा वाटा घरी पोचवावा, एवढ्यावर भागत असे. आता त्याच शेताच्या कडेच्या झाडांवर जांभळ्या रंगाच्या उभ्या रेघा दिसतात. टेक्ससच्या कायद्यानुसार किमान ८ इंच लांब, १ इंच रुंद आणि जमिनीपासून ३ ते ५ फूट उंचीवरची अशी रेघ प्रवेशबंदीच्या पाटीइतकीच बंधनकारक असते. भाडेपट्ट्यांची झळ गावातल्याच, बेताच्या कमाईच्या शिकाऱ्याला सर्वाधिक बसते, आणि वडिलांबरोबर रानात जाऊन शिकणारी मुलेही त्यामुळे दुरावतात. परवानाधारक घटले तर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये राज्यांना मिळणाऱ्या वन्यजीव निधीवरही परिणाम होऊ शकतो, कारण त्याच्या वाटपात परवानाधारकांची संख्या धरली जाते.

उपाय म्हणून काही राज्ये स्वतःच मालकांना मोबदला देऊन जमीन सर्वांसाठी खुली करून घेतात. माँटॅनाची ‘ब्लॉक मॅनेजमेंट’ योजना १९८५ पासून, तर कॅन्ससची अशीच योजना १९९५ पासून चालू आहे. कॅन्ससच्या योजनेतील जमिनींवर वाहन नेता येत नाही. शिकाऱ्याने पायीच जायचे असते.