पीसी क्लोन

आयबीएम कंपनीच्या १९८१ मधील वैयक्तिक संगणकासाठी लिहिलेले सॉफ्टवेअर आणि त्यासाठी तयार झालेली विस्तार कार्डे (आत खोचून यंत्राला नवी क्षमता देणाऱ्या पट्ट्या) काहीही फेरफार न करता चालवणारा, पण दुसऱ्याच कंपनीने बनवलेला संगणक. १९८० च्या दशकातील जाहिरातींत असे संगणक ‘आयबीएम कम्पॅटिबल’ म्हणून विकले जात. आजचे बहुतेक विंडोज संगणक याच वंशातले आहेत. मूळ यंत्र घडवणारी आयबीएम मात्र आपला पीसी व्यवसाय लेनोव्होला विकून २००५ मध्ये या धंद्यातून बाहेर पडली.

आयबीएम पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. मॉडेल क्रमांक ५१५०. किंमत १,५६५ डॉलरपासून पुढे, आणि तेवढ्यात मिळे ती १६ किलोबाइट स्मृती, फ्लॉपी ड्राइव्हशिवाय. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या छोट्या गटाने तो जेमतेम वर्षभरात उभा केला होता. एरवी आयबीएम लहानसहान भागही घरीच बनवी; इथे तेवढी सवड नव्हती. त्यामुळे ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ प्रोसेसर इंटेलकडून, फ्लॉपी ड्राइव्ह टँडनकडून आणि कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून घेतली गेली. मायक्रोसॉफ्टजवळही ती तयार नव्हती. सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीत टिम पॅटरसन यांनी लिहिलेली प्रणाली तिने विकत घेतली आणि सुधारून आयबीएमला दिली. करार करताना मायक्रोसॉफ्टने एक गोष्ट सोडली नाही: हीच प्रणाली एमएस-डॉस या नावाने इतरांना विकण्याचा हक्क. त्या वेळी हे कलम आयबीएमला फारसे खटकले नसावे, कारण पीसीसारखे दुसरे यंत्र बाजारात नव्हतेच.

म्हणजे यंत्राचे जवळजवळ सगळे सुटे भाग ज्याला हवे त्याला विकत मिळत होते. आयबीएमचे स्वतःचे म्हणावे असे त्यात एकच उरले होते : बायॉस. अवघ्या ८ किलोबाइटचा हा प्रोग्राम मदरबोर्डवरच्या रॉम चिपमध्ये कायमचा भरलेला असे. संगणक सुरू होताच स्मृती तपासणे, फ्लॉपीवरची कार्यप्रणाली उचलणे आणि पुढे कीबोर्ड, पडदा व ड्राइव्ह यांच्याशी बोलण्याच्या ठराविक सेवा पुरवणे हे त्याचे काम. त्याची संपूर्ण लिस्टिंग, म्हणजे ओळीनोळ प्रोग्राम, आयबीएमने मंडलाच्या आकृत्यांसह आपल्या तांत्रिक संदर्भपुस्तिकेत छापली होती, जेणेकरून इतरांनी या यंत्रासाठी कार्डे आणि प्रोग्राम बनवावेत. आयबीएमने पीसी ‘खुला’ ठेवला असे म्हणण्याची पद्धत आहे; ते अर्धेच खरे. बायॉस वाचायला खुला होता, वापरायला नाही. त्यावर आयबीएमचा कॉपीराइट होता, आणि लिस्टिंग वाचलेल्या माणसाने नंतर स्वतः लिहिलेला बायॉसही नक्कल ठरण्याचा धोका होता.

कोलंबिया डेटा प्रॉडक्ट्सने १९८२ मध्येच पहिला क्लोन आणला. काहींनी मात्र बायॉस सरळ उतरवून घेण्याची सोपी वाट धरली. ॲपलच्या यंत्राची नक्कल करणाऱ्या फ्रँकलिन कंपनीविरुद्ध १९८३ मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने दिलेल्या निकालाने ही वाट बंद केली : रॉममध्ये साठवलेल्या प्रोग्रामलाही कॉपीराइटचे संरक्षण आहे, असे त्यात ठरले. पुढच्याच वर्षी आयबीएमने बायॉस उचलल्याच्या आरोपावरून कोरोना आणि ईगल या कंपन्यांना कोर्टात खेचले. दोघींनी तडजोड केली.

कायद्यात बसणारा मार्ग होता ‘क्लीन रूम’ पद्धतीचा. यात अभियंत्यांचे दोन गट करतात. पहिला गट मूळ बायॉस तपासतो आणि तो काय करतो एवढेच लिहून काढतो. कसे करतो ते नाही. उदाहरणार्थ, प्रोसेसरच्या एएच या रजिस्टरात (आकडा ठेवण्याच्या छोट्या खणात) २ ठेवून षोडशमान १३ क्रमांकाचा इंटरप्ट, म्हणजे बायॉसची डिस्कसेवा, मागितला, तर डिस्कवरचे सांगितलेले सेक्टर सांगितलेल्या जागी स्मृतीत यावेत. काही बिघडले तर कॅरी फ्लॅग ही प्रोसेसरमधली खूण १ व्हावी आणि त्रुटीचा संकेतांक एएचमध्ये मिळावा. अशा एकेका सेवेच्या तपशिलाची वही दुसऱ्या गटाकडे जाते. या गटाने आयबीएमची लिस्टिंग कधीच पाहिलेली नसते आणि केवळ त्या वहीवरून तो नवा प्रोग्राम लिहितो. दोन्ही गटांतला प्रत्येक निरोप लेखी ठेवतात, कारण उद्या न्यायाधीशापुढे तोच पुरावा असतो.

टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेले रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो यांच्या कॉम्पॅकने हेच केले. नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झालेला कॉम्पॅक पोर्टेबल सुमारे १३ किलो वजनाचा होता, म्हणजे ‘उचलता येतो’ एवढ्याच अर्थाने पोर्टेबल. २,९९५ डॉलरपासून त्याची किंमत सुरू होई. पहिल्या वर्षात त्याच्या सुमारे ५३,००० प्रती खपल्या. क्लोन म्हणजे स्वस्त माल, ही समजूत नंतरची आहे. कॉम्पॅक स्वस्ताईवर कधी विकला गेला नाही. भाव उतरले ते फिनिक्स टेक्नॉलॉजीजने १९८४ मध्ये क्लीन रूममध्ये बनवलेला बायॉस कुणालाही परवान्याने द्यायला सुरुवात केल्यावर. फिनिक्सने दुसऱ्या गटासाठी निवडलेला प्रोग्रामर टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या प्रोसेसरवर काम केलेला होता. इंटेलच्या चिपशी त्याचा पूर्वी संबंधच नव्हता, म्हणजे नकलेचा आरोप मुळातच टिकू नये. आता कंपनी काढायला बायॉस जाणणारा माणूस पदरी असण्याची गरज उरली नाही. पुढे अवॉर्ड आणि अमेरिकन मेगाट्रेंड्स यांचेही बायॉस आले, तैवानमधून तयार मदरबोर्ड येऊ लागले, आणि सुटे भाग आणून पीसी जोडणे हा एका टेबलावर चालणारा धंदा झाला.

एमएस-डॉस चालतो म्हणजे क्लोन झाला, असे मात्र नव्हते. डिजिटल इक्विपमेंट (डेक) कंपनीचा रेनबो आणि टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा प्रोफेशनल ही यंत्रे एमएस-डॉस चालवत, तरी बाजारात टिकली नाहीत. बायॉसच्या मार्फत पडद्यावर अक्षरे उमटवणे फार संथ होते. म्हणून हिशेबाचे तक्ते करणाऱ्या लोटस १-२-३ सारखे प्रोग्राम बायॉसला बगल देऊन सरळ व्हिडिओ स्मृतीत लिहीत. ती स्मृती आयबीएमच्या पत्त्यावर नसेल, तर पडद्यावर काहीच दिसत नसे. लोटस आणि मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर हे दोन प्रोग्राम यंत्रावर नीट चालतात का, हीच क्लोनची व्यवहारातली परीक्षा बनली. ज्यांनी यंत्र आयबीएमपेक्षा ‘चांगले’ करण्यासाठी रचना बदलली ते मागे पडले. ज्यांनी तिच्या खोडीही जशाच्या तशा उतरवल्या ते तगले. काही प्रोग्राम तर बायॉसमधल्या ठराविक पत्त्यांवर थेट उडी घेत, त्यामुळे नव्याने लिहिलेल्या बायॉसलाही आपली दारे त्याच पत्त्यांवर ठेवावी लागली.

या इतिहासाच्या खुणा वापरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बरीच वर्षे राहिल्या. मूळ पीसीच्या रॉममध्ये बायॉसखेरीज ३२ किलोबाइटची बेसिक भाषाही होती, आणि डिस्क न सापडल्यास यंत्र तिच्यात सुरू होई. क्लोनमध्ये ती नव्हती. मायक्रोसॉफ्टने त्यांच्यासाठी डिस्कवरून चालणारी जीडब्ल्यू-बेसिक दिली. पण अमेरिकन मेगाट्रेंड्सचा बायॉस असलेली यंत्रे पुढेही कित्येक वर्षे सुरू होण्याजोगी डिस्क मिळाली नाही की ‘नो रॉम बेसिक, सिस्टम हॉल्टेड’ असे सांगून थांबत, आणि ही बेसिक कुठली ते बघणाऱ्याला कळत नसे. दुसरी खूण म्हणजे डब्यावरचे टर्बो बटण. जुने खेळ ४.७७ मेगाहर्ट्झच्या हिशेबाने लिहिलेले असत आणि वेगवान क्लोनवर ते आवरेनासे होत. टर्बो बंद केला की यंत्र मुद्दाम मंद होई. नाव वेग वाढवण्याचे, खरा उपयोग तो कमी करण्याचा.

सत्ता आयबीएमच्या हातातून गेल्याचे १९८६ मध्ये उघड झाले. त्या सप्टेंबरात कॉम्पॅकने इंटेलच्या ३२-बिट ८०३८६ चिपवरचा डेस्कप्रो ३८६ आयबीएमच्या आधी आणला. आयबीएमने एप्रिल १९८७ मध्ये पीएस/२ मालिका काढून उत्तर दिले. तिच्यातील मायक्रो चॅनेल हा नवा बस (कार्डे यंत्राला जोडणारा मार्ग) पेटंटांनी बांधलेला होता आणि तो वापरायचा तर शुल्क भरावे लागे. जुनी कार्डेही त्यात बसत नसत. कॉम्पॅक, एचपी, एप्सन, ओलिवेत्ती यांच्यासह नऊ कंपन्यांनी १९८८ मध्ये एकत्र येऊन ईआयएसए हा पर्यायी बस जाहीर केला, जुनी कार्डे सामावून घेणारा. तो स्वतः फारसा पसरला नाही, पण मायक्रो चॅनेलही रुजला नाही. पीएस/२ मधले जे टिकले, म्हणजे व्हीजीए चित्रमानक आणि कीबोर्ड-माउसचे गोल प्लग, ते क्लोनवाल्यांनी उचलले म्हणून टिकले. नफ्याचा मोठा वाटा तोवर यंत्र बनवणाऱ्यांकडून चिप आणि कार्यप्रणाली विकणाऱ्यांकडे, म्हणजे इंटेल आणि मायक्रोसॉफ्टकडे, सरकला होता.

बायॉसची जागा आता यूईएफआय या मानकाने घेतली आहे, आणि तेही अनेक कंपन्यांच्या सहमतीने ठरते. स्मार्टफोनच्या बाबतीत असे सर्वमान्य मानक कधीच बनले नाही. एकच कार्यप्रणाली कोणत्याही पीसीवर बसवता येते, तर फोनसाठी ती प्रत्येक मॉडेलकरिता वेगळी जुळवावी लागते, आणि उत्पादकाने लक्ष काढून घेतले की बहुतेक फोनांना नवी आवृत्ती मिळत नाही.