जुन्या वस्तीतल्या गल्ल्या वाकड्या का?

शत्रू गोंधळावा म्हणून जुन्या वस्तीतल्या गल्ल्या मुद्दाम वाकड्या आखल्या, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. पटतोही, कारण अनोळखी माणूस तिथे खरोखरच चुकतो. पण बहुतेक ठिकाणी त्या गल्ल्या कुणी आखल्याच नव्हत्या. आधी पायवाट, ओढा, शेताचा बांध. मग त्यांच्या कडेने घरे, आणि पुढे ओटे-पायऱ्या सरकत सरकत रस्ता अरुंद. जिथे मुळात आखणी झाली तिथे रस्ते बहुधा सरळच दिसतात. सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीचे मोहेंजोदडो पाहा. (तटबंदी आणि वेशी संरक्षणासाठीच असत, तो मुद्दा वेगळा.) पडताळायचे तर भूमापनाचा जुना नकाशा घ्या आणि गल्लीचे वळण ओढ्याशी किंवा बांधाशी जुळते का बघा. नकाशा नसेल तर जोराच्या पावसात पाणी कुठून वाहते, ते पाहिले तरी बरेच कळते.