दगडाला लागणारा वारा

2014 साली चिलीतल्या अटाकामा वाळवंटातल्या ‘आल्मा’ दुर्बिणीने वृषभ राशीतल्या एचएल टाउरी या ताऱ्याचं चित्र टिपलं आणि खगोलशास्त्रज्ञही चक्रावले. सुमारे 450 प्रकाशवर्षांवरचा हा तारा फार तर दहा लाख वर्षांचा, म्हणजे अजून पाळण्यातलाच. तरी त्याच्या भोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत उजळ कडी आणि काळ्या फटी, कंपासने आखाव्यात तशा!

तबकडी का होते, हे समजायला सोपं आहे. वायूचा थंड ढग स्वतःच्याच गुरुत्वाने आकसतो आणि आकसताना त्याची मुळातली संथ गिरकी वेग घेते. मग वायूला सरळ केंद्रात कोसळता येत नाही. तो चपटा होऊन फिरत राहतो आणि आत झिरपत ताऱ्याला पोसतो.

खरी पंचाईत धुळीची. वजनाने ती तबकडीच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढी, पण पृथ्वीसारखे ग्रह घडायचे ते तिच्यातूनच. कण एकमेकांना चिकटून खडे होतात, तोवर ठीक. पुढे वायू आडवा येतो. आतल्या दाबामुळे वायूला बाहेरच्या बाजूला थोडा रेटा मिळतो, म्हणून तो जरा सावकाश फिरला तरी चालतं. दगडाला ती सवलत नाही. सूर्यापासून पृथ्वीइतक्या अंतरावर हा फरक सेकंदाला साधारण 50 मीटरचा, म्हणजे दगडाला समोरून ताशी 180 किलोमीटरचा वारा, तोही अखंड. वायू अतिविरळ असला तरी दगडाचा वेग खातोच. बारीक धूळ वायूबरोबर वाहते, डोंगराएवढ्या धोंड्याला फिकीर नसते. मरण ओढवतं ते मीटरभराच्या दगडावर. काही शतकांतच तो ताऱ्यात जाऊन पडतो. या हिशेबाने आपण असायलाच नको होतो.

सुटका गर्दीत असावी. खडे दाटले की तेच वायूला पुढे ढकलतात, तेवढा वारा मंदावतो, मागून घसरत येणारे खडे तिथेच अडकतात आणि गर्दी वाढते. शेवटी तो घोळका स्वतःच्या गुरुत्वाने मिटतो आणि मीटरभराची पायरी गाळून थेट कित्येक किलोमीटरचा गोळा तयार होतो. 2005 साली यूडिन आणि गुडमन या खगोलशास्त्रज्ञांनी या आपोआप वाढत जाणाऱ्या गर्दीचं, म्हणजे ‘अस्थिरते’चं, गणित मांडलं. मला ही युक्ती फार आवडते: ज्या वाऱ्याने घात करायचा, त्यालाच कामाला लावलं.

दाबाचा उंचवटा असेल, म्हणजे वायूचा दाब आजूबाजूपेक्षा जास्त असेल, तिथेही खडे साचतात. एचएल टाउरीची कडी बहुधा तशीच. पण ग्रहामुळे कडं झालं की कड्यामुळे ग्रह होणार, हा वाद चालूच आहे.

पीडीएस 70 या ताऱ्यापाशी मात्र 2018 मध्ये तबकडीच्या पोकळीत ग्रहच दिसला, पुढच्या वर्षी दुसरा. त्या दुसऱ्याभोवती स्वतःची छोटी तबकडी आहे. तिच्यातून चंद्र घडू शकतील.