ट्राउट माशासाठी दोरी फेकताना ताकद लागते का?

‘जितका जोर, तितकी दोरी लांब,’ हा समज हिमाचलच्या तीर्थन नदीवर फ्लाय फिशिंग, म्हणजे नकली माशीच्या गळाने मासेमारी, शिकणाऱ्यांतही आढळतो. तो साहजिक आहे: साध्या गळाला शिशाचं वजन दोरी ओढून नेतं. इथे मात्र पिसा-दोऱ्याची नकली माशी जवळपास वजनरहित. वजन जाड दोरीतच असतं. ती आधी डोक्यावरून मागे फेकायची; मागे हवेत पूर्ण सरळ झाली, तरच काठी नीट वाकते आणि दोरी पुढे जाते. गाईड ‘थांबा’ म्हणतो ते यासाठीच. घाई केली की चाबकासारखा आवाज होतो, माशी तुटूनही जाते.

पडताळायला गवतावर, हुकाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून ८ मीटर दोरी सोडा. काठीने ती मागे फेका आणि मान वळवून पाहा. दोरी सरळ होताच काठी पुढे आणून झटकन थांबवा. आता जोर निम्मा करा. दोरी तेवढीच जाईल, बहुधा जास्त सरळ.