चुना

चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. कळीवर पाणी ओतताच ती फुगते, तडकते, वाफा येतात. खडे विरून पांढरी भुकटी किंवा लगदा होतो. यालाच चुना विरवणे म्हणतात.

पाण्यात चुना फारच थोडा विरघळतो. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमसुद्धा नाही, आणि पाणी तापवले तर त्याहूनही कमी. तरी वरची स्वच्छ निवळी तीव्र अल्कधर्मी असते. तिचा सामू (पीएच) १२ च्या वर जातो. तिच्यात नळीने फुंकले की श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पुन्हा चुनखडीचे बारीक कण तयार होऊन ती दुधाळ होते. भिंतीची सफेदी आणि गडांच्या तटबंदीतला चुना याच क्रियेने घट्ट होतो. जाड भिंतीत मात्र त्याला वर्षानुवर्षे लागतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी गडांवर चुना मळायच्या घाण्याचा गोल दगडी चर अजून दिसतो. जुन्या वास्तूंची डागडुजी चुन्यानेच व्हायला हवी, कारण सिमेंट ओल आत कोंडते. अशा चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा मिसळण्याची पद्धत आहे.

साखर कारखान्यात उसाचा रस स्वच्छ करायला चुना लागतो. बागायतदार तो बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी घेतात. एक टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचुदाने पाने करपतात, चुना त्याची आम्लता मारतो. फवारणीआधी मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी निवळी घालावी. द्राक्षावरच्या केवडा रोगावर आणि कोकणातल्या सुपारीच्या कोळेरोगावर हे मिश्रण चालते.

तंबाखूत चुना मळतात त्यामागेही हेच रसायन आहे. अल्कधर्मी माध्यमात निकोटिन मोकळे होऊन तोंडाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात जाते, म्हणून व्यसन अधिक घट्ट होते.

सर्वात मोठा धोका डोळ्यांना. चुन्याची पुडी किंवा नळी दाबताना फुटून मुलांच्या डोळ्यांत चुना उडतो, बुबुळ भाजते आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. डोळा न चोळता लगेच वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरावा, निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि तडक डॉक्टरांकडे न्यावे.