लॉस अँजेलिस काउंटीतील शिक्षणसंस्था

लॉस अँजेलिस काउंटीतील शिक्षणसंस्था : अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण भागातील लॉस अँजेलिस काउंटीमधील (लोकसंख्या १,००,१४,००९—२०२०) शालेय, उच्च व व्यावसायिक शिक्षणाची व्यवस्था. काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील जिल्हा. मात्र येथील सरकारी शाळा मुख्यतः ८० स्वतंत्र शालेय मंडळे (स्कूल डिस्ट्रिक्ट) चालवितात. त्यांच्या हद्दी शहरांच्या हद्दींशी जुळतातच असे नाही. लॉस अँजेलिस युनिफाइड हे त्यांतील सर्वांत मोठे मंडळ. १९६१ मध्ये दोन मंडळांच्या एकत्रीकरणातून ते बनले. विद्यार्थिसंख्येत न्यूयॉर्कखालोखाल त्याचा देशात दुसरा क्रमांक लागतो. लाँग बीच, पॅसाडीना व सँता मोनिका यांची मंडळे वेगळी आहेत. काउंटीचे शिक्षण कार्यालय मंडळांच्या अंदाजपत्रकांवर देखरेख ठेवते आणि बालसुधारगृहांतील मुलांचे वर्ग चालविते.

उच्च शिक्षणात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ (खाजगी, १८८०) ५३ विद्यार्थी व १० शिक्षकांनिशी सुरू झाले, याबाबत मतभेद नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेलिस शाखेचा (यूसीएलए) आरंभ मात्र दोन प्रकारे सांगितला जातो. सॅन होजे येथील सरकारी अध्यापक विद्यालयाची दक्षिणेकडील शाखा काढण्यास विधिमंडळाने १८८१ मध्ये मान्यता दिली व ऑगस्ट १८८२ मध्ये तिचे वर्ग भरू लागले. या विद्यालयाचे प्रमुख अर्नेस्ट मूर व विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे सदस्य एडवर्ड डिक्सन यांच्या प्रयत्नांनी २३ मे १९१९ रोजी ते विद्यापीठात विलीन झाले. म्हणून काही जण १८८२ हेच स्थापनावर्ष धरतात. यूसीएलएने स्वतःची शताब्दी २०१९ मध्ये साजरी केली. यूसीएलएपुरते १९१९ ग्राह्य धरणे अधिक सयुक्तिक दिसते. काउंटीतील शिक्षक-प्रशिक्षणाची परंपरा मात्र १८८२ पासूनच मोजली पाहिजे.

अध्यापक विद्यालयाच्या पहिल्या जागेवर आज शहराचे मध्यवर्ती ग्रंथालय उभे आहे. विद्यालय १९१४ मध्ये व्हर्माँट अव्हेन्यूवर गेले. त्याच आवारात पुढे यूसीएलए नांदले आणि ते १९२९ मध्ये वेस्टवुडला हलताच तेथे लॉस अँजेलिस ज्युनिअर कॉलेज (आताचे सिटी कॉलेज; ज्युनिअर कॉलेज म्हणजे येथे बारावीनंतरचे दोन वर्षांचे महाविद्यालय) उघडले. १९४७ मध्ये राज्य महाविद्यालयाचा, म्हणजे आजच्या कॅल स्टेट लॉस अँजेलिसचा, प्रारंभही येथेच झाला. काउंटीच्या उच्च शिक्षणाचा जवळजवळ सगळा इतिहास असा एका आवारात वाचता येतो.

ज्युनिअर (आता कम्युनिटी) कॉलेज हा या व्यवस्थेचा कणा होय; विद्यापीठांच्या झगमगाटात त्याच्याकडे दुर्लक्ष होते, हे योग्य नाही. माध्यमिक शाळांना पदवीपूर्व वर्ग काढू देणारा कायदा राज्याने १९०७ मध्ये केला. काउंटीतील अशा महाविद्यालयांत सिट्रस कॉलेज (१९१५) सर्वांत जुने मानतात; तेही एका माध्यमिक शाळेतच जन्मले. १९६० च्या राज्य आराखड्याने कॅलिफोर्निया विद्यापीठ, राज्य महाविद्यालये व ज्युनिअर कॉलेजे यांची कामे वाटून दिली आणि दोन वर्षांनंतर वरच्या संस्थेत बदलीची वाट पक्की केली. अठरा वर्षांवरील कोणालाही कम्युनिटी कॉलेजात प्रवेश मिळतो. राज्यातील रहिवाशांना २०१२ पासून दर एककास (अभ्यासभार मोजण्याचे माप, श्रेयांक) ४६ डॉलर शुल्क पडते, म्हणजे तीन एककांच्या विषयास १३८ डॉलर. अनेकांना तेही माफ होते.

व्यावसायिक शिक्षणाचे प्रमुख केंद्र लॉस अँजेलिस ट्रेड-टेक हे होय. वाणिज्य मंडळाचे सचिव फ्रँक विगिन्झ यांच्या नावाने १९२५ मध्ये उघडलेली ही कारागिरी शाळा १९५४ मध्ये महाविद्यालय झाली. पॉलिटेक्निक माध्यमिक शाळा १९५७ मध्ये दुसरीकडे गेल्यावर तिचे आवार ट्रेड-टेकला मिळाले. वेल्डिंग, डिझेल इंजिन, शिवणकाम व फॅशन, परिचर्या हे तेथील विषय. पाकशास्त्राचा अभ्यासक्रम देशातील सर्वांत जुन्यांपैकी असल्याचे सांगितले जाते. आपल्या आयटीआयशी तुलना सुचते. पण येथे वेल्डिंग शिकणारा त्याच संस्थेत गणित-इंग्रजी घेऊन विद्यापीठाकडे वळू शकतो, हा फरक महत्त्वाचा आहे. याखेरीज प्रौढांसाठी इंग्रजीचे व धंदेशिक्षणाचे वर्ग शालेय मंडळे चालवितात.

उत्तरेकडील वाळवंटी पट्ट्यात अँटिलोप व्हॅली कॉलेज (१९२९) आहे. पामडेल येथील विमानकारखान्यांमुळे तेथे विमानाच्या सांगाड्याची बांधणी शिकवितात आणि त्या विषयाची पदवीही देतात.