रॉकेलचो वास येता

मे महिन्यातली दुपार. कुडाळच्या घरी पडवीला लागून गाडी उभी होती. आजी आतून ओरडली, "रे, रॉकेलचो वास येता खंयसून तरी!" घरातलं रॉकेल तर कधीच संपलंय. गाडीखाली वाकून पाहिलं, जमीन कोरडी ठाक. तरी मागच्या चाकापाशी नाक नेलं की पेट्रोलचा दर्प.

थेंब पडत नाही आणि वास येतो, म्हणजे गळतेय ती वाफ. पेट्रोल हा एक पदार्थ नव्हेच. साधारण चार ते बारा कार्बन अणू असलेल्या शेकडो हायड्रोकार्बनांची ती मिसळ. त्यातले ब्युटेन, पेंटेन हे हलके गडी उन्हाचीही वाट बघत नाहीत. उणे 40 अंशांच्या आसपाससुद्धा पेट्रोलवर ठिणगीने पेटेल एवढी वाफ साठते, मग आपल्या मे महिन्याचं काय बोलावं! शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. वर उडून जायचं सोडून ती जमिनीलगत सरपटते, म्हणून पडवीतून थेट घरात.

आता कुणी म्हणेल, टाकी घट्ट बंदच का करत नाहीत? आंबोली घाट चढून बघा. सावंतवाडीहून जवळजवळ 700 मीटर उंचीवर आलात की बाहेरच्या हवेचा दाब सुमारे आठ टक्क्यांनी उतरतो. टाकीतली वाफ फुगते, तिला बाहेर यायचं असतं. उतरताना उलटं, टाकी हवा मागते. टाकीला श्वास घ्यावाच लागतो. फक्त तो कोळशातून घ्यायचा, अशी सोय केलेली असते.

हा कोळसा असतो एका प्लास्टिकच्या डब्यात, त्याला चारकोल कॅनिस्टर म्हणतात. सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममधल्या सूक्ष्म छिद्रांचं क्षेत्रफळ हजार चौरस मीटर, म्हणजे दहा गुंठे भरतं. टाकीतली वाफ त्या छिद्रांना चिकटून राहते आणि फक्त हवा बाहेर पडते. गाडी चालू झाली की पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे डबा आणि इंजिन यांच्यामधली विजेवर चालणारी झडप, उघडतो, इंजिन डब्यातून हवा ओढून घेतं आणि तीच वाफ जाळून टाकतं. इथे कोकणी माणसाला करवंटी आठवणार. करवंटीचा सक्रिय कोळसा खरोखरच नामी, पाणी शुद्ध करायला वापरतातही. पण त्याची छिद्रं फार बारीक, धरलेली वाफ चटकन सोडत नाहीत. गाडीत बहुतेक लाकडापासून केलेला कोळसा असतो. इथे धरण्याइतकंच सोडणंही महत्त्वाचं.

गळती शोधायची कशी? अमेरिकेत 1996 पासूनच्या गाड्या टाकीचा दाब स्वतःच तपासतात. आधी एक मिलिमीटरचं, पुढे अर्ध्या मिलिमीटरचं भोकही पकडून त्या चालकासमोरचा इशाऱ्याचा दिवा लावू लागल्या. आपल्याकडच्या कित्येक गाड्या पर्ज व्हॉल्व्हच्या वायरिंगवर तेवढी नजर ठेवतात. नळीला भोक पडलं तरी दिवा ढिम्म. मग उरतं नाक.

गॅरेजवाल्याने पहिला प्रश्न विचारला, "बूच नीट लावलंस मां?" प्रश्न बावळट वाटतो, पण टाकीच्या झाकणाची रबरी रिंग वाळून चिरणं हे अगदी नेहमीचं दुखणं. माझी रिंग शाबूत होती. मग त्याने पर्ज व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकर मारली. करंट नसताना तो बंदच असला पाहिजे. उघडा अडकला तर पेट्रोल भरल्याबरोबर गाडी चालू व्हायला कुरकुर करते. तोही ठीक निघाला. नळ्या उंदरांनी कुरतडल्या असतील म्हणून त्या बोटांनी चाचपल्या, तिथेही काही नाही.

शेवटी धुराचं मशीन. खनिज तेल तापवून केलेला पांढरा धूर नळीतून टाकीच्या यंत्रणेत सोडतात, दाब जेमतेम फूटभर पाण्याइतका. कंप्रेसरची हवा मारायचा मोह इथे जिवावर बेतेल. टाकी फुटेलच, वर हवा आणि वाफेचं पेटतं मिश्रण तयार. आम्ही बॅटरी घेऊन वाकलो. दोन मिनिटं काही नाही. मग मागच्या चाकाच्या वर, प्लास्टिकच्या आच्छादनाच्या फटीतून अगरबत्तीसारखी एक बारीक रेघ निघाली.

आच्छादन काढल्यावर ओंजळभर सुकी तांबडी माती खाली पडली. तिच्यामागे झाकणापासून टाकीपर्यंत जाणारा पत्र्याचा नळा, आणि त्यावर पापुद्रे सुटलेला तपकिरी डाग. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर टोक आत. "गंजान खाल्ल्यान," तो म्हणाला. खाऱ्या हवेतलं मीठ मातीत मुरतं, माती ओल धरून ठेवते, मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि लोखंडाचं गंजणं वेग घेतं. चार पावसाळे ही माती तिथे चिकटून बसली होती. पाण्याचा फवारा नेमका तिथेच पोचत नाही.

डिंक-लांबी थापायचं मी सुचवून पाहिलं, त्याने मान हलवली. वेल्डिंगचं तर नावच नको. नळा नवा, क्लॅम्प नवे आणि जोडाची रबरी नळीसुद्धा पेट्रोलसाठीचीच, त्यात मिसळलेलं इथेनॉल चालणारी. साधं रबर इथेनॉलने फुगतं. पुन्हा धूर सोडला, रेघ दिसली नाही.

निघताना त्याने एक गोष्ट बजावली. पंपावर नोझल टक करून थांबतं, कारण त्याच्या टोकाचं हवेचं भोक पेट्रोलने बुडतं. त्यानंतर 'राउंड फिगर' करायला आणखी ओतलं, तर पेट्रोल थेट कोळशाच्या डब्यात शिरू शकतं आणि भिजलेला कोळसा वाफ धरत नाही. दुसऱ्या दिवशी पंपावरच्या पोराने सवयीने विचारलं, "दोन हजार पुरे करू?" मीटरवर 1,946 दिसत होते. म्हटलं, राहू दे.